निरांतमधलं जोडघर

मी तुम्हाला सरळ सांगते, म्हातारपणी राहायला जागा बघायला गेलात की सगळ्यात आधी संडास बघा. डोंगर, तळं, मोर, झाडं, ते सगळं नंतर. डोंगर कुठे पळून जात नाही. संडासात धरायला दांडी आहे का, फरशी घसरडी आहे का, कडी बाहेरून उघडता येते का, हे बघायचं आणि मगच त्यांचा चहा प्यायचा. दुसरं स्वयंपाकघर. आणि तिसरं, मॅनेजरला तोंडावर विचारायचं, "इथे माणूस गेलं तर पुढचं कोण करतं?" त्यावर जो "अरे बेन, एवुं शुं बोलो छो", असं काय बोलता, म्हणून हसण्यावारी नेतो, त्याच्याकडे मी परत पाऊल ठेवत नाही.

माझं हे बोलणं सुरू झालं की माझी मुलगी मोहना कपाळाला हात लावते. माझ्या नणंदबाई आहेत ना, कौमुदीवन्सं, त्या पदर सारखा करतात. पदर आधीच सारखा असतो, तरी करतात.

आम्ही दोघी बडोद्यात चाळीस वर्षं एका घरात राहिलो. माझे यजमान माधवराव कोयलीच्या रिफायनरीत होते. वन्सं त्यांच्या धाकट्या बहीण, पण माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या. त्यांनी लग्न केलं नाही, कॉलेजात संस्कृत शिकवलं. मी शाळेत गणित शिकवलं. सासूसासरे गेले, मोहना लग्न होऊन वाघोडिया रोडला गेली, मग माधवरावही गेले, आणि घरात आम्ही नणंद-भावजय उरलो. चाळीस वर्षांत आम्ही एकमेकींना अहो-जाहो सोडलं नाही. भांडलोसुद्धा अहो-जाहोतच.

तेवढ्यात बडोद्यात एकच वारं सुटलं. जुनं पाडा, उंच बांधा. आमची बैठी टेनामेंटं, पुढे वीतभर अंगण, मागे पपईचं झाड, कुणाच्या डोळ्यांत खुपली देव जाणे. सोसायटीची सभा झाली आणि सगळ्यांनी हात वर करून अख्खी सोसायटी बिल्डरला देऊन टाकली. दिवाळीच्या आत घरं रिकामी करायची. त्या जागी अकरा मजले, खाली दुकानं, लिफ्टमध्ये गाणी. आम्हाला नवव्या मजल्यावर फ्लॅट मिळणार होता. मी म्हटलं, तो मोहनाला द्या. लिफ्ट बंद पडली की मी काय पोपटासारखी खिडकीत बसू?

पेपरात त्या दिवसांत निवृत्तांच्या गावांच्या जाहिराती रोज यायच्या. पांढऱ्या केसांची हसणारी जोडपी, मागे हिरवे डोंगर. मी ठरवलं, जायचं ते अशाच ठिकाणी, पण जाहिरातीवर विसंबून नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघून. मी एकदा ठरवलं की ठरवलं. त्या बाबतीत माझ्या माहेरचा गुण उतरलाय.

माझं माहेर जुन्या शहरातल्या गल्लीतलं, घडियाळी पोळातलं. वडिलांचं दोरे-गुंड्या-लेसचं दुकान होतं. गिऱ्हाईकाला एकदा विचारायचं, "जोईए?", हवंय का? नको म्हणालं की पुढचं गिऱ्हाईक. आमच्याकडे हो म्हणजे हो आणि नको म्हणजे नको. सासर मात्र दरबारी. सासरे जयवंतराव संस्थानच्या खानगी कारभारात होते, पाहुण्यांची सरबराई बघायचे. संस्थान गेलं, सरबराई घरात राहिली. सासरे सांगायचे, पहिल्यांदा नको म्हणावं ती रीत, दुसऱ्यांदा नको म्हणावं तो संकोच, तिसऱ्यांदा हो म्हणावं तो देणाऱ्याचा मान. म्हणजे घरात कुणालाही काहीही तीनदा विचारायचं आणि विचारलेल्यानं दोनदा नाही म्हणायचं. हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. नवीन नवरी असताना पातेल्यात शेवटची वाटीभर बासुंदी उरली. मी विचारलं, "वन्सं, देऊ?" त्या म्हणाल्या, "नको." मी पिऊन टाकली. सासूबाई तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मला आपलं वाटलं, बासुंदीत काही पडलं होतं की काय!

पुढे शिकले मी. बाहेरचं जग मात्र शिकत नाही हो. वन्संना बघायला ग्वाल्हेरहून एक स्थळ आलं होतं, माझ्या लग्नाआधीची गोष्ट. मुलगा शिकलेला, सरळ स्वभावाचा. त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "तुमची पसंती आहे ना?" वन्सं म्हणाल्या, "माझं काय, मोठे ठरवतील." मुलाला वाटलं, मुलीच्या मनात नाही. तो गेला. इकडे हे लोक तो पुन्हा विचारेल म्हणून वाट बघत बसले, आणि तिकडे त्याचं दुसरीकडे ठरलं. वन्संना तो आवडला होता. हे त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितलं, कोथिंबीर निवडताना, आणि लगेच म्हणाल्या, "देठं फार ठेवू नका."

असो. तर आम्ही जागा बघायला लागलो. मोहना रविवारी गाडी काढायची, मी पुढे बसायची, वन्सं मागे.

पहिली जागा नर्मदेच्या काठावर. नदी सुंदर, वादच नाही. पण पहाटे चारला घंटा, मग आरती, मग प्रवचन, मग पुन्हा आरती. ओट्यावर ओळीनं म्हातारी माणसं बसलेली, सगळी जणू स्टेशनवर गाडीची वाट बघतायत. मला तिथे पाच मिनिटांत धाप लागली. वन्सं घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या होत्या. आवडलं का विचारलं तर म्हणाल्या, "शांत आहे." दुसरी जागा आजव्याच्या बाजूला. जाहिरातीत म्हणे निसर्गाच्या कुशीत. कुशीत कसला, हायवेच्या काखेत! खोलीत बसून ट्रकांचे नंबर वाचता येत होते.

तिसरी जागा जांबुघोड्याच्या बाजूला. वाघोडियाची धुराडी मागे पडली, उजवी-डावीकडे शेतं लागली, पावागड आधी पुढे आणि मग मागे गेला, आणि मग एकदम लहान लहान डोंगर, सागाची झाडं, मोहाची झाडं, रस्त्यावर आरामात फिरणारे मोर. गावाचं नाव 'निरांत'. गुजरातीत निरांत म्हणजे आपला निवांतपणा. फाटकातून आत शिरल्यावर मी डोंगराकडे बघितलंसुद्धा नाही, आधी संडास. दांडी होती. फरशी खरखरीत होती. कडी बाहेरून उघडत होती. स्वयंपाकघरात बाई भाखरी भाजत होत्या, मी एक तोडून खाल्ली, खुसखुशीत. मग मॅनेजर हेमांगभाईंना तिसरा प्रश्न विचारला. तिशीतला मुलगा, गळ्यात मोबाईल, पण हसला नाही. म्हणाला, गाडी आहे, डॉक्टर दहा मिनिटांवर आहे, गावात नदीकाठी जागा आहे, आणि नातेवाईक येईपर्यंत आम्ही कुणाला एकटं ठेवत नाही, कुणीतरी शेजारी बसतं. मी तिथल्या तिथे ठरवलं, हेच.

त्या जागेतली खरी गंमत म्हणजे जोडघरं. दोन छोटी घरं एकाला एक लागून. इकडे एक खोली, स्वयंपाकाचा कोपरा, न्हाणीघर, तिकडे तसंच. पुढे दोन्हींचा मिळून एक ओटा, आणि मधल्या भिंतीत एक दार. बहिणी बहिणी, मित्र मित्र, असे लोक घेतात म्हणे. एकच जोडघर शिल्लक होतं, तळ्याच्या बाजूचं, ओट्यावरून समोर डोंगर. मी ओट्यावर उभी राहिले आणि मला सगळं दिसलं. इथे चहा, इथे पेपर, इथे वन्संची ती वेताची खुर्ची, कारण त्यांना दुसऱ्या खुर्चीत पाठ दुखते. आता बघितला डोंगर, आणि काय सांगू, डोळे निवले.

मी म्हटलं, "हेमांगभाई, मला हवंय."

तो खूश झाला. मग वन्संकडे वळून म्हणाला, "कौमुदीबेन, तमारुं शुं? साथे आवो छो ने?" तुमचं काय, बरोबर येताय ना?

वन्संनी पदर सारखा केला. "ना रे ना," त्या म्हणाल्या, "मारुं शुं."

आता आमच्या घरचं कुणीही असतं तर पुन्हा विचारलं असतं. हेमांगभाईनं मान डोलावली. "ओके बेन, नो प्रॉब्लेम." आणि मला म्हणाला, "तो तमारुं सिंगल. बाजूवाळुं बीजा कोईने आपी दईशुं." म्हणजे शेजारचं दुसऱ्या कुणालातरी देऊन टाकू. झालं! ग्वाल्हेरचा मुलगा पुन्हा उठून गेला की हो!

मी तोंड उघडणार होते, पण त्या क्षणी मला असा काही राग आला वन्संचा! म्हटलं, सत्तरी आली बाई, आतातरी स्वतःच्या तोंडानं बोला. तुमच्या वतीनं मी किती दिवस बोलायचं? घरी जाऊन बघते. आणि मी गप्प राहिले. परतताना मोहना आरशातून एकदा मागे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "आत्या, तू खरंच नाही येणार?" वन्सं म्हणाल्या, "पुढे बघ गं, मोर आहे." मोर होताच.

घरी आल्यावर मी रीतीप्रमाणे सुरू केलं. बाहेरच्या माणसाचं विचारणं आमच्याकडे धरत नाहीत, तेव्हा हे पहिल्यांदा. संध्याकाळच्या चहाला म्हटलं, "वन्सं, तुम्ही चला. तुमच्या दम्याला तिथली हवा मानवेल."

"नको वहिनी. मला इथली सवय आहे."

"इथलं काय राहणार आहे? दिवाळीनंतर इथे खड्डा असेल."

"बघू," म्हणाल्या. ठीक. पहिलं नको.

दोन दिवस जाऊ दिले. मग जेवताना म्हटलं, "तिथे तुमची सगळी सोय होईल. जेवण तयार, डॉक्टर जवळ, मोहनाला तुमची काळजी राहणार नाही. तुमच्या पुस्तकांनाही कपाट करून घेऊ." वन्सं भात कालवत राहिल्या. "माझ्यासाठी एवढं कुणी करायला नको," म्हणाल्या. दुसरं नको. मी मनात म्हटलं, छान, आता एकच राहिलं. तिसऱ्यांदा जरा थाटात विचारायचं, शनिवारी, मोहनाला बोलावून.

शुक्रवारी सकाळी हेमांगभाईंचा फोन. शेजारच्या घराला माणूस मिळालाय, पद्माकरभाई म्हणून, बडोद्याचेच, मराठीच, एकटेच आहेत, फार सज्जन. आज दुपारी येऊन नक्की करतायत.

"पद्माकरभाई?" मी म्हटलं. "आणि मधलं दार?"

"दारने ताळुं मारी दईशुं, बेन!" दाराला कुलूप लावून देऊ म्हणे.

मी फोन ठेवला. आता बघा, मी काही जुन्या वळणाची नाही. पण सदुसष्टाव्या वर्षी माझ्या आणि एका परक्या गृहस्थाच्या मध्ये एक कुलूप, आणि त्याची किल्ली हेमांगकडे, हे काही मला झेपणारं नव्हतं. थाट-बीट राहू दिला. वन्सं पुढच्या खोलीत पेपर वाचत होत्या, तिथे जाऊन उभी राहिले.

"वन्सं, तिसऱ्यांदा विचारते. तुमचं भलं होईल, मोहनाचा जीव भांड्यात पडेल, आणि शेजारचं घर आज जाणार आहे. चला."

त्यांनी पेपर खाली ठेवला. पदराला हात लावला नाही. सरळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नको, वहिनी."

 तिसरं नको! आमच्या घरात तिसरं नको मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या सासऱ्यांनी तरी ऐकलं असेल की नाही शंका आहे.

"मी नर्मदेवर राहीन," त्या पुढे म्हणाल्या. "तिथे विचारून ठेवलंय."

"नर्मदेवर? तुम्ही?" माझा आवाज चढला. "पहाटे चारच्या घंटेला? अहो, देवळात तुम्ही शिलालेख वाचायला जाता! आरतीला उभ्या राहिलात की लोकांचे संस्कृत उच्चार ऐकून तुमचं डोकं दुखतं! आणि नदीकाठची ओल, तुमचा दमा? आठ दिवसांत आडव्या व्हाल."

"होईन. पण तिथे माझ्या राहण्याला हरकत घेणारं कुणी नाही."

"आणि निरांतमध्ये कोण हरकत घेतंय?"

 वन्सं अगदी हळू म्हणाल्या, "वहिनी, या घरात मी राहिले ती दादाची बहीण म्हणून. हक्कानं राहिले. आता दादा नाही, घरही नाही. तुम्ही तुमच्यासाठी जागा निवडलीत, छान निवडलीत. तिथे मी कोण म्हणून यायचं? माझी सोय व्हावी म्हणून? माझा दमा बरा व्हावा म्हणून? मोहनाला काळजी नको म्हणून? मी काही पितळी पातेलं नाही, घर बदलताना टाकवत नाही म्हणून बरोबर न्यायला."

 मी पाय आपटत स्वयंपाकघरात गेले. चहाचं आधण ठेवलं, झाकण आपटलं, चमचा आपटला. मनात म्हणत होते, जा, जा नर्मदेवर, बसा घंटा ऐकत. मी एकटी मजेत राहीन. सकाळी उठेन, ओट्यावर बसेन, चहा घेईन, पेपर उघडेन. आणि मग? पेपर मला वन्सं वाचून दाखवतात. आधी निधनवार्ता, कोण गेलं ते. मग मी म्हणते, हा माणूस कंजूष होता, आणि त्या म्हणतात, मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, आणि मग दहा मिनिटांनी स्वतःच म्हणतात, होता मात्र कंजूष. ते कोण करणार? पद्माकरभाई? आधण उकळून वर आलं, शेगडी विझली, मी उभीच. मला त्या ओट्याचं जे चित्र दिसलं होतं त्यात दोन खुर्च्या होत्या. मी "मला हवंय" म्हटलं होतं ते त्या दोन खुर्च्यांना म्हटलं होतं. आणि हे मी वन्संना सांगितलंच नव्हतं! घडियाळी पोळातली मी, तोंडावर बोलणारी, लोकांना मरणाबद्दल बिनदिक्कत विचारणारी, आणि घरातल्या बाईला तीनदा विचारलं ते काय, तर तुमच्या दम्याला बरं!

मी तशीच बाहेर आले. हातात चमचा होता.

"हे बघा वन्सं, मला तुमच्या सोयीचं काहीएक पडलेलं नाही. चुलीत गेली सोय आणि चुलीत गेला दमा. मी एकटी राहू शकत नाही. माधवराव गेल्यापासून रात्री तुम्ही पलीकडच्या खोलीत खोकलात ना, की मला झोप लागते. कळलं? खोकला ऐकू आला नाही तर मी उठून दाराशी येऊन उभी राहते. तुम्हाला माहीत नसेल."

"माहीत आहे," वन्सं म्हणाल्या.

"माहीत आहे तर मग! मला तिथे भीती वाटेल. मला कुणाशी भांडता येणार नाही. हेमांगशी भांडू? तो नो प्रॉब्लेम म्हणतो! मला तुम्ही हव्या आहात. दादाची बहीण म्हणून नाही, तुमच्यावर उपकार म्हणून तर मुळीच नाही. मला हव्यात, माझ्यासाठी. मी विचारत नाहीये, मागतेय. द्यायचं तर द्या, नाहीतर नाही म्हणा, पण मग पुन्हा मला तोंड दाखवू नका."

एवढं बोलून मला रडूच फुटलं. भर सकाळी, हातात चमचा घेऊन, सदुसष्ट वर्षांची बाई. वन्सं उठल्या. त्यांचाही चेहरा हलला होता, पण त्या दरबारी घराण्यातल्या, रडल्या नाहीत.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "आजवर मला सगळ्यांनी विचारलं. मागितलं कुणीच नव्हतं."

आणि आत गेल्या. मी डोळे पुसत बसले. म्हटलं, म्हणजे हो की नाही? या बाईचं शेवटपर्यंत काही कळायचं नाही. दहा मिनिटांनी त्या बाहेर आल्या, अंगावर जांभळी महेश्वरी, काखेत पर्स. "मोहनाला गाडी घेऊन बोलवा," म्हणाल्या. "तो कोण पद्माकर, दुपारी येणार म्हणालात ना?"

मोहना कारखान्यात अर्धी रजा टाकून आली. वाटेत मी दोनदा म्हटलं, जरा जोरात चालव गं. वन्सं मागे बसून बाहेर बघत होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

आम्ही पोचलो तेव्हा पद्माकरराव हेमांगच्या ऑफिसात बसलेले होतेच. उंच, सडपातळ, इस्त्रीचा सदरा, चष्म्याला दोरी. पेन हातात होतं. मी दारातूनच सांगितलं, "हेमांगभाई, शेजारचं घर द्यायचं नाही. आमचं आम्हाला हवंय."

हेमांग गोंधळला. "पण बेन, कौमुदीबेने ज तो ना पाडी हती!" त्यांनीच तर नाही म्हटलं होतं म्हणे.

पद्माकरराव लगेच उठून उभे राहिले. हात जोडले. कोण, कुठले, कुणाच्या घरचे, अशी दोन वाक्यांत ओळख झाली. त्यांचे वडीलही दरबारात होते म्हणे.  म्हटलं, मेले! आता हेही त्याच तालमीतले. आणि झालंही तसंच. ते वन्संकडे वळून अगदी मृदू आवाजात म्हणाले, "छे छे, बाईसाहेब, आपली इच्छा असेल तर आपणच घ्या. माझं काय, मी कुठेही राहीन."

हेमांगभाई वन्संकडे बघू लागला. मोहना बघू लागली.  पुढचं मला तोंडपाठ होतं. आता या म्हणणार, नको नको, आपणच घ्या, आपण आधी आलात. मग ते म्हणणार, असं कसं. मग या म्हणणार, माझं काय. संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांना जोडघर देत बसणार, आणि मला मधल्या दाराला कुलूप. जीभ नुसती शिवशिवत होती, पण मी बोलले नाही. हे मला बोलून चालणारच नव्हतं.

वन्संनी हात जोडले. "आभारी आहे," त्या म्हणाल्या. "घेते मी."

 पद्माकररावांचं पुढचं वाक्य तयार होतं, ते तोंडातच राहिलं. मग बिचारे मनापासून हसले आणि खुर्चीत बसले. हेमांगनं त्यांना स्वयंपाकघराजवळचं घर दाखवायचं कबूल केलं, दारात जांभळाचं झाड आहे म्हणून, आणि ते त्यांना पसंतही पडलं.

मग हेमांगनं पेन वन्संपुढे केलं. मुलगा हुशार आहे, पण एकदा हात पोळलेला. म्हणाला, "बेन, पाकुं ने? पाछुं तमे ना तो नहीं पाडो ने?" नक्की ना, पुन्हा नाही तर म्हणणार नाही ना?

वन्संनी पेन घेतलं. ताठ बसल्या. माझ्याकडे बोट दाखवून त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाही म्हणून कसं चालेल? यांना माझ्याशिवाय जमत नाही."

मोहनानं माझ्याकडे बघितलं, आता आई काय बोलते म्हणून. ऑफिसात पद्माकरराव होते, चहा घेऊन आलेल्या बाई होत्या, सगळ्यांनी ऐकलं होतं. माझ्या जिभेवर चार उत्तरं तयार होती, एकापेक्षा एक. पण खरं होतं ते, आणि आता लपवायचं काही कारण नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "नाही जमत."